अगराची ढलपी

आजच्या राजांचे खापरपणजोबाही जन्मले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरातल्या एका गावात अगराचं एकच झाड होतं. वाकडंतिकडं, किड्यांनी पोखरलेलं, दिसायला अगदी बेंगरूळ. पण कीड लागलेल्या जागचं काळं लाकूड निखाऱ्यावर ठेवलं, की अख्खं घर दरवळायचं.

गावची सुईण झाडाची राखण करी. कुणाकडे मूल जन्मलं, की ती नखाएवढी ढलपी काढून शेगडीत टाकायची आणि धुरी देताना बाळाला म्हणायची, "ये रे राजा, हे घर तुझंच आहे." गावात कुणी गेलं, तरी तशीच एक ढलपी जळायची. त्याहून जास्त कधीच नाही.

हे राजाच्या कानावर गेलं. राज्याभिषेक तोंडावर आला होता. झालं! शिपाई कुऱ्हाडी घेऊन हजर. सुईण झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"ए बाई, हो बाजूला. महाराजांना सगळं झाड हवंय."

"महाराजांना एक ढलपी पुरेल. सगळं झाड घेऊन करायचंय काय त्यांना?"

ऐकतो कोण? शिपायांनी तिला उचलून बाजूला बसवलं आणि झाड तोडून नेलं. सुईण पोटभर रडली. मग पदर खोचला, सांडलेल्या बिया वेचल्या आणि परसात पेरल्या. घरात एकच ढलपी उरली होती. लेकीचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं, तिच्यासाठी ती जपून ठेवली.

तिकडे राजाने सगळं लाकूड एकदम पेटवलं. असा धूर कोंदला, की विचारू नका! भटजी मंत्र विसरले. राजा मुकुट सावरत, खोकत खोकत बाहेर पळाला.

पुढे राणीला मुलगा झाला. "माझ्या बाळाला अगराची धुरी हवी म्हणजे हवी," ती हटूनच बसली. राजवाड्यात शोधलं, तर नुसती राख! शेवटी राजा स्वतः डोंगर चढून सुईणीच्या दारात आला. नेमकी त्याच सकाळी तिच्या लेकीला मुलगी झाली होती. शेगडी पेटलेली, ढलपी सुईणीच्या हातात.

"बाई, माझ्या बाळाच्या धुरीसाठी एवढी मला द्या. मागाल ते देईन."

सुईणीच्या डोळ्यांत अंगार होता. "महाराज, माझ्या झाडाची तुम्ही राख केलीत. पण त्या तान्ह्या जिवानं माझं काय घोडं मारलंय?" तिने अडकित्ता घेतला आणि ढलपीचे दोन तुकडे केले. "अर्धी तुमची. मात्र परसातल्या रोपांना पाणी घालायला यायचं. नोकर पाठवायचा नाही, स्वतः यायचं."

"एवढ्याशाने काय होणार?" राजा पुटपुटला.

सुईणीने आपला तुकडा निखाऱ्यावर ठेवला. धुराची बारीकशी रेघ उठली आणि खोली दरवळून गेली. रडणारी पोर गप्प झाली. राजाने डोळे मिटून खोल श्वास घेतला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

राजाने शब्द पाळला. दर उन्हाळ्यात तो घागर घेऊन डोंगर चढला. रोपांची झाडं झाली, झाडांना कीड लागली, लाकूड काळं पडलं, तोवर त्याचे केस पिकले. नातू झाला, तेव्हा कारभारी म्हणाले, "महाराज, एक फांदी तरी तोडू!"

म्हाताऱ्या राजाने मान हलवली आणि नखाएवढीच ढलपी काढली.

म्हणून सांगतो, चिमटीने घेणाऱ्याला सुगंध मिळतो, ओरबाडणाऱ्याच्या वाट्याला नुसता धूर येतो.