मासोळीला नेणारा गाडा

वस्तू बोलत असत त्या काळची गोष्ट. मासोळी नावाच्या होडीला दुरुस्तीनंतर खाडीवर न्यायला एक सपाट गाडा आला.

“दादा, माझा तळ निमुळता आहे,” मासोळी म्हणाली. “मधोमध लाकूड दे, दोन्ही कुशींना टेकू दे. नुसतं ठेवलंस तर मी कलंडेन.”

“दोर आवळतो की!” गाडा म्हणाला.

वाटेत ती डुगडुगू लागली. “अरे, टेकू दे रे!” गाड्याने दोर आणखी आवळला. ती कण्हली, तसा त्याने पुन्हा आवळला. शेवटी एका खड्ड्यात तिच्या कुशीची फळी कडकन फुटली.

खाडीत उतरताच तिच्यात पाणी भरू लागलं. गाडा वैतागला. “काय गं, दोर तर जरासुद्धा सैल झाला नव्हता!”

“कसा होईल?” बुडता बुडता मासोळी त्याच्यावर खेकसली. “तू मला बांधलंस रे बाबा, धरलंस कुठे?”