श्वेतकूटाने नद्या पोटात घेतल्या

पूर्वी कृतयुग सरत आले असता, आटलेल्या समुद्राच्या तळातून शंखशिंपल्यांच्या चुनखडीचा एक पर्वत वर आला. पूर्वपश्चिम शंभर योजने पसरलेला, सहस्र गुहांनी पोखरलेला, चंद्रधवल असा हा श्वेतकूट उत्तरेच्या असुरसैन्यांना अडवून धरी, म्हणून देव त्याला दक्षिणेची भिंत म्हणत. स्तुती फार झाली की पर्वताचेही नाक वर होते, बरे का.

विकटाक्ष असुराने उत्तरेचे आश्रम जाळले, तेव्हा तपोनिधी वेतसायन मुनी तीनशे आश्रमवासीयांना घेऊन तेथे आले.

"हे गिरिवरा, आम्हांला पोटात घे," मुनी म्हणाले.

"तुम्ही माझ्या कोणत्या गुहेत आहात, हे वाऱ्यालाही कळणार नाही," पर्वताने वचन दिले.

पण ऋषी म्हटले की अग्निहोत्र आले, माणसे म्हटली की चूल आली. धूर दरीत विरून जाई. काजळी मात्र पर्वताच्या शुभ्र कपाळावर धरू लागली. सांगताना मलाच लाज वाटते, पण एवढ्या थोर पर्वताला ती चार दिवससुद्धा सोसवेना. देव आपल्याला असे काळवंडलेले पाहतील, या एका धास्तीने त्याने आपला निर्झर त्या गुहेवरून वळवला आणि कपाळ धुऊन काढले. ते काळे पाणी खाली, मुनींच्या शोधात उत्तरेच्या पायथ्याशी उतरलेल्या असुरांच्या तळापाशी पोहोचले. विकटाक्षाने ते पाहिले, वर चुली पेटल्या आहेत हे ओळखले आणि प्रवाहाच्या काठाकाठाने सैन्य वर चढवले. दुपारपर्यंत तीनशेतले नऊ जण उरले.

"मुनिवर, मला शाप द्या," पर्वत म्हणाला. "तोंड धुण्यासाठी मी वचन मोडले. ही लाज घेऊन मला उभे राहवत नाही."

"शाप भोगला की संपतो," वेतसायन म्हणाले. "ही लाज संपावी, असे तुला वाटते. म्हणून मी तो देणार नाही."

उरलेल्यांना घेऊन ते दक्षिणेस उतरले. तेव्हा पुन्हा कधी तोंड धुता येऊ नये म्हणून श्वेतकूटाने आपल्या साऱ्या नद्या भेगांतून पोटात ओढून घेतल्या. आजही तेथे पाऊस पडतो, ओहोळ चार पावले चालतो आणि दगडात नाहीसा होतो. आत काळोखात छतावरून थेंब गळत राहतात.

बारा वर्षांनी तहानेने व्याकूळ झालेले वेतसायन पायथ्याशी येऊन बसले. हाक मारण्याची पर्वताची छाती झाली नाही. त्याने मुकाट्याने पायथ्याचा खडक फोडला आणि पोटातले पाणी बाहेर सोडले. मुनी ते पोटभर प्यायले. क्षमेचा शब्द त्यांनी काढला नाही, आणि पर्वतानेही मागितला नाही. पायथ्याचे ते झरे तेव्हापासून कधी आटलेले नाहीत.