नदीकाठी विणलेली टोपली

पूर्वी सुमनावती नगरात राजा भद्रसाल राज्य करीत असताना बोधिसत्त्व चित्रा नदीच्या काठी एका बुरुडाच्या घरी जन्माला आले. त्यांचे नाव वेणुक. त्यांच्या हातची टोपली पाणी सोडून सगळे धरून ठेवते, असे वस्तीत म्हणत.

दर पावसाळ्यात चित्रा नदी वस्तीचा काठ खात असे. सोणा आजीचे अर्धे अंगण गेले होते. दारापासून कड्यापर्यंत आता अकराच पावले उरली होती. काळक गवंड्याने बांधलेली दगडी भिंतही खालची माती वाहून गेल्याने कोसळली. तेव्हा राजाने सांगितले, "यंदा एक जरी झोपडी गेली, तरी वस्ती टेकडीपलीकडे हलवा." टेकडीपलीकडे पाणी नव्हते. काठ्या भिजत घालता आल्या नाहीत, तर बुरुडांनी करायचे काय?

वेणुकांकडे वाळुंजाच्या, म्हणजे पाण्याकाठी वाढणाऱ्या लवचिक झाडाच्या, हिरव्या काठ्या होत्या. राजवाड्याच्या टोपल्यांसाठी दोन वर्षे झाडावर राखलेल्या. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. वासरू बांधायला काठावर ठोकलेल्या वाळुंजाच्या खुंटाला पालवी फुटली होती, आणि आता तो उपटता उपटत नव्हता.

त्यांनी फाल्गुनात कड्याला उतार दिला, त्यात त्या काठ्या खोचल्या, मधून फांद्या विणल्या आणि फटींत वाळ्याचे ठोंब लावले. सारी वस्ती मदतीला आली.

काळक वरून ओरडला, "काय रे वेणुका, नदीला टोपलीत भरून बाजारात नेणार का?"

"नेली असती, काळकदादा. पण वाटेत गळेल ना!"

महिन्याभरात बाकीचा काठ हिरवागार झाला. सोणा आजीच्या दारासमोर मात्र एक पान फुटेना. तिथले काम शेजारच्या मुंडकाने केले होते. वेणुकांनी वाकून पाहिले. एकूण एक काठी सोललेली, घासून पांढरीशुभ्र केलेली होती.

"मुंडका, साल कुठे गेली?"

"काढली की! सालीसकट काम लावायचं? पलीकडच्या तीरावरून दिसतं सगळं. लोक म्हणतील, या बुरुडांना काठी सोलता येत नाही."

वेणुक हसले, मुंडकही हसला. पण सोणा आजी हसली नाही. सोललेल्या काठीला मुळे फुटत नाहीत; ती कड्याकडे बघत होती.

काठ्यांची आता एकच मोळी उरली होती. ती वेणुकांनी स्वतःसाठी डबक्यात उभी ठेवली होती. आषाढी पौर्णिमेला राजा स्वतःच्या हाताने फुले वाहत असे, आणि त्याची परडी जो विणेल तो दरबारचा बुरूड होणार होता. वेणुक डबक्याशी बराच वेळ उभे राहिले. परडीचा आकारही त्यांच्या मनात ठरला होता. मग त्यांनी मोळी उचलली. पाण्यातल्या टोकांना दोऱ्यासारखी बारीक मुळे फुटली होती.

"यांनी आधीच ठरवलंय कुठं जायचं ते," ते म्हणाले.

मुंडक काकुळतीला आला. "दादा, परडी राहू दे की! दरबार हातचा जाईल."

"परडी दुसरा कोणी विणेल. आजीला अंगण कोण विणून देणार? आण इकडं पहार. आणि तुझी सुरी घरी ठेव."

आषाढात पूर आला. तीन दिवस गढूळ पाणी काठाला धडका देत राहिले. वाळुंज वाकले, पाण्याखाली गेले, आणि पाणी उतरताच चिखल झटकून उभे राहिले. सोणा आजी दारातून निघून पावले मोजू लागली. "...दहा, अकरा, बारा!" पुराने आणलेला गाळ फांद्यांत अडकून काठ वाढला होता.

"आजी, तुमची पावलं आखूड झाली असतील," मुंडक म्हणाला.

"मेल्या, तू मोज!" आजी म्हणाली. मुंडकाची साडेबारा भरली.

राजा काठ पाहायला आला. "माझी परडी कुठे आहे, वेणुक?"

"आपण तिच्यावरच उभे आहात, महाराज."

राजाने पायाखाली पाहिले आणि तो मोठ्याने हसला. वस्ती हलली नाही. पौर्णिमेची फुले राजाने त्या वर्षी तिथेच, वाळुंजांच्या मुळाशी वाहिली.

ही कथा सांगून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा मुंडक म्हणजे विहारातल्या रोपांची पाने रोज पुसून लख्ख करणारा हा आपला भिक्खू. सोणा आजी म्हणजे दारात बसून ऐकणारी ती उपासिका. राजा म्हणजे आपण बसलो आहोत त्या आमराईचा दाता, आणि वेणुक मीच होतो. बाकीच्या काठ्या देणे तेव्हा मला जड गेले नाही. जड गेली ती शेवटची मोळी. ती देणे, यालाच दानपारमिता, म्हणजे दानाची पूर्णता, म्हणतात."