कुंभारणीच्या घराचं बूच

एक होतं घर. घराला होती पडवी. पडवीत होती खिडकी. खिडकीच्या फळीला होतं एक भोक.

भोक केवढं? त्या घरातल्या छोट्या ठकूच्या करंगळीएवढं.

त्या भोकात एका कुंभारणीने घर केलं होतं. कुंभारीण म्हणजे मडकी घडवणारी नव्हे हं! ही कुंभारीण म्हणजे एक माशी. बारीक कमरेची, लांब पायांची, मातीचं घर बांधणारी.

घरात होतं तिचं अंडं. एकुलतं एक. अंड्याजवळ होता खाऊ. आता फक्त दाराला चिखलाचं बूच लावायचं राहिलं होतं.

या कुंभारणीला एक खोड होती. दिसेल त्याला विचारायचं, "का बरं?" पान हललं, का बरं? कोंबडी शिंकली, का बरं? विचारल्याशिवाय तिला चैनच पडायची नाही.

एकदा काय झालं, कुंभारीण चिखलाची गोळी घेऊन निघाली. गुंई गुंई, गुंई गुंई! समुद्राकडून वारा आला. सूंऽऽऽ! गोळी सुटली. टपक! पडली ती कुठे? वाळूत. वाळूत वाळू झाली. गेली गोळी!

कुंभारीण नळाखाली गेली. रोज नळ ठिबकायचा, टिप टिप, टिप टिप. खाली ओली माती असायची. आज नळ घट्ट बंद. टिप नाही, ओल नाही.

"का बरं?"

तेवढ्यात रस्त्याने रिक्षा आली. रिक्षावर भोंगा. भोंगा म्हणाला, "वादळ येतंय होऽऽ! आजच येतंय होऽऽ! पाणी भरून ठेवा, घरं आवरून घ्या होऽऽ!"

"अगं बाई!" कुंभारीण म्हणाली. "माझ्या घराला तर बूचच नाही! वारा आत शिरला तर माझं अंडं उडून जाईल!"

निघाली कुंभारीण. गुंई गुंई, भिर्र!

अंगणात होती माती.

"माती माती, चिखल दे.
चिखलाचं बूच माझ्या दाराला.
वारा आत नको गं बाई, आत नको!"

माती म्हणाली, "मी कोरडी ठणठणीत. चिखल कुठला? उद्यापर्यंत थांब की. वादळ आलं की चिखलच चिखल!"

"उद्याचा चिखल आजच्या भोकाला काय कामाचा?"

"तेही खरंच," माती म्हणाली. "मग पाणी आण. पाणी मिळालं तर चिखल देईन."

निघाली कुंभारीण. गुंई गुंई, भिर्र!

पडवीत होता हंडा. पोटात पाणी, डोक्यावर झाकण, झाकणावर दगड.

"हंड्या हंड्या, डोक्यावर दगड? का बरं?"

"वादळ येतंय ना! झाकण उडालं तर पाण्यात पालापाचोळा. मग ठकू काय पिणार?"

"असं होय! मग ऐक.
हंड्या हंड्या, पाणी दे.
माती चिखल देईल.
चिखलाचं बूच माझ्या दाराला.
वारा आत नको गं बाई, आत नको!"

हंडा म्हणाला, "पाणी देऊ कसं? तोंड बंद आहे. बोलतोय तेच पुष्कळ! काकीने झाकण काढलं तर पाणी देईन."

निघाली कुंभारीण. गुंई गुंई, भिर्र!

अंगणात होती हौसाकाकी. ठकूची आई. काकीने शिडी धरली होती. दोन्ही हातांनी, घट्ट.

"काकी काकी, शिडीला धरून उभी? का बरं?"

"वर तुझे काका आहेत ना! मी शिडी सोडली तर काका धपकन खाली."

"असं होय! मग ऐक.
काकी काकी, झाकण काढ.
हंडा पाणी देईल.
माती चिखल देईल.
चिखलाचं बूच माझ्या दाराला.
वारा आत नको गं बाई, आत नको!"

काकी म्हणाली, "अगं, मला हात किती? दोन. दोन्ही शिडीला. काका खाली उतरले तर झाकण काढीन."

निघाली कुंभारीण. वर, वर, आणखी वर. गुंई गुंई, भिर्र!

पडवीच्या पत्र्यावर होते धर्माकाका. ठकूचे बाबा. पत्रा वाजत होता, खडाम खडाम!

"काका काका, पत्र्याला बांधताय? का बरं?"

"नाही बांधला तर पत्रा जाईल समुद्रावर फिरायला! आणि आपण बसू पावसात."

"असं होय! मग ऐका.
काका काका, खाली उतरा.
काकी झाकण काढेल.
हंडा पाणी देईल.
माती चिखल देईल.
चिखलाचं बूच माझ्या दाराला.
वारा आत नको गं बाई, आत नको!"

काका म्हणाले, "तीन कोपरे बांधले, चौथा राहिलाय. दोर संपला बघ. आणखी एक दोर मिळाला तर बांधीन आणि उतरीन."

निघाली कुंभारीण. गुंई गुंई, भिर्र!

माडाखाली होता दोर. एक टोक माडाला, एक टोक शेळीला.

"दोरदादा, दोरदादा, मोकळा हो.
काका खाली उतरतील.
काकी झाकण काढेल.
हंडा पाणी देईल.
माती चिखल देईल.
चिखलाचं बूच माझ्या दाराला.
वारा आत नको गं बाई, आत नको!"

दोर म्हणाला, "मी सुटलो आणि शेळी उधळली, तर बोलणी कुणी खायची? शेळी गोठ्यात गेली तर मोकळा होईन."

कुंभारणीला लांब जावं लागलं नाही. शेळी तिथेच होती. चारही पाय रोवून उभी.

"शेळीबाई, वारा सुटलाय, सगळे आत पळतायत, आणि तू इथे? का बरं?"

शेळी नुसती इकडे बघे, तिकडे बघे.

"शेळीबाई, शेळीबाई, गोठ्यात जा.
दोर मोकळा होईल.
काका खाली उतरतील.
काकी झाकण काढेल.
हंडा पाणी देईल.
माती चिखल देईल.
चिखलाचं बूच माझ्या दाराला.
वारा आत नको गं बाई, आत नको!"

शेळी म्हणाली, "में! माझं करडू कुठंय? करडू आल्याशिवाय मी जागची हलणार नाही. करडू आलं तर गोठ्यात जाईन."

कुंभारणीला आपलं अंडं आठवलं. तिचंही एकच, शेळीचंही एकच.

"मी शोधते हं," ती म्हणाली.

निघाली कुंभारीण. आता वारा खूप वाढला होता. एकदा गुंई, तर तीनदा भिर्र! दारातून ती घरात शिरली. चुलीमागे बघितलं. नाही. भाकरीच्या टोपलीमागे बघितलं. नाही. खाटेखाली बघितलं. खाटेखाली दिसले पाय. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा!

चार करडाचे. दोन ठकूचे.

"करडू करडू, आईकडे जा.
शेळी गोठ्यात जाईल.
दोर मोकळा होईल.
काका खाली उतरतील.
काकी झाकण काढेल.
हंडा पाणी देईल.
माती चिखल देईल.
चिखलाचं बूच माझ्या दाराला.
वारा आत नको गं बाई, आत नको!"

करडू म्हणालं, "कसं जाऊ? ठकूने धरलंय. ठकूने सोडलं तर जाईन."

"ठकू ठकू, करडाला सोड.
करडू आईकडे जाईल.
शेळी गोठ्यात जाईल.
दोर मोकळा होईल.
काका खाली उतरतील.
काकी झाकण काढेल.
हंडा पाणी देईल.
माती चिखल देईल.
चिखलाचं बूच माझ्या दाराला.
वारा आत नको गं बाई, आत नको!"

ठकू म्हणाली, "नाही सोडणार!"

"का बरं?"

"मला भीती वाटते. ते ओरडतंय."

"कोण ओरडतंय?"

"ते गं. ऐक."

सूंऽऽऽ! सूंऽऽऽ!

"ते काय आहे?" ठकूने विचारलं. "ते का ओरडतंय? का बरं? सांगितलंस तर करडाला सोडीन."

आली का पंचाईत! साऱ्या गावाला 'का बरं' विचारणारी कुंभारीण. आज तिलाच कुणीतरी 'का बरं' विचारलं, आणि तिला उत्तर येईना!

"मला नाही गं माहीत," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? चल, जाऊन बघू."

ठकूला भीती वाटत होती. पण बघायचंही होतं. करडाला काखेत घेऊन ती रांगत रांगत खाटेखालून निघाली. पडवीत आली.

हंड्याला कान लावला. हंडा गप्प. खांबाला कान लावला. खांबही गप्प. वर पत्रा वाजत होता, पण तो खडाम खडाम. सूं सूं नाही.

खिडकीजवळ गेली. पाटावर चढली. फळीला कान लावला.

सूंऽऽऽ!

"इथे आहे! इथे!"

फळीला होतं भोक. ठकूने भोकावर बोट ठेवलं. गप्प! बोट काढलं. सूंऽऽऽ! बोट ठेवलं. गप्प! बोट काढलं. सूंऽऽऽ!

ठकू खुदकन हसली. "अगं, कुणी नाहीच! वारा भोकावर फुंकर मारतोय!"

"अगं बाई, हे तर माझंच घर!" कुंभारीण म्हणाली.

ठकू कशाला भीत होती? या भोकाला. कुंभारीण कशासाठी वणवण करत होती? याच भोकासाठी. आहे की नाही गंमत?

"आत माझं अंडं आहे, ठकू. त्याला वारा लागतोय."

"तू चिखल आण," ठकू म्हणाली. "तोवर मी बोट ठेवते. अगदी हळूच ठेवते."

बोट भोकावर ठेवायचं, तर खिडकीला धरायला दुसरा हात नको का? मग काय!

ठकूने करडाला सोडलं.
करडू आईकडे गेलं. टण टण टण!
शेळी गोठ्यात गेली. में में में!
दोर मोकळा झाला. सरसर वर चढला!
काकांनी चौथा कोपरा बांधला. एक गाठ, दोन गाठी, तिसरी पक्की!
काका खाली उतरले. धप धप धप!
काकीने शिडी सोडली, दगड उचलला, झाकण काढलं. खण्ण!
हंड्याने पाणी दिलं. तांब्याभर. चळ्ळ!
मातीने चिखल दिला. पचक!

काकीने झाकण परत लावलं, वर दगड ठेवला. पाणी जपायला हवं ना!

कुंभारणीने गोळी केली. गोल गोल, मऊ मऊ. निघाली. गुंई... भिर्र! वाऱ्याने तिला मागे लोटलं. पुन्हा निघाली. गुंई... भिर्र! गोळी आता पडते की मग पडते!

"ये लवकर!" ठकू ओरडली. तिचं बोट दुखायला लागलं होतं. पण तिने ते काढलं नाही.

काकीने सूप घेतलं. वाऱ्याच्या बाजूला आडवं धरलं. "इकडून ये गं, सुपाच्या आडून ये."

कुंभारीण सुपाच्या आडून आली. गुंई, गुंई, गुंई.

ठकूने बोट काढलं. सूंऽऽ...

टप्प! लागलं बूच.

सूं कुठे गेलं? गेलं! पळालं!

"चला, आत चला सगळे!" काका म्हणाले. सगळे आत गेले. कुंभारीणही गेली. दार बंद, कडी घट्ट. काकीने कंदील लावला. सगळ्यांनी भाकरी खाल्ली. कुंभारीण तुळईवर बसली.

आणि वादळ आलं.

धडाम! "हे काय?" ठकूने विचारलं.

"नारळ पडला," काकी म्हणाली.

खडाम! "आणि हे?"

"पत्रा. वाजू दे त्याला, बांधलाय तो."

में! "हे मला माहीत आहे! शेळी आणि करडू. गोठ्यात आहेत."

सगळे आवाज झाले. एक आवाज तेवढा झाला नाही. कुठला? सूं सूं! ठकूने खूप वाट बघितली. वाट बघता बघता काकीच्या मांडीवर झोपून गेली.

सकाळी दार उघडलं. माडाच्या झावळ्या खाली, शिडी आडवी, कोंबड्या ओल्याचिंब. पत्रा? जिथल्या तिथे. हंड्यातलं पाणी? स्वच्छ. खिडकीचं बूच? पक्कं!

अंगणात चिखलच चिखल. माती म्हणाली, "घे बाई, आता हवा तेवढा घे!"

मग पुष्कळ दिवस गेले. ठकू रोज पाटावर चढायची, बुचाला कान लावायची. आत गप्प. दुसऱ्या दिवशी गप्प. तिसऱ्या दिवशीही गप्प.

एके दिवशी आतून आवाज आला. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र! बुचाला बारीक भोक पडलं. भोकातून एक डोकं आलं. मग बारीक कंबर आली. मग लांब लांब पाय आले. एक इवलीशी कुंभारीण!

तिने ठकूकडे बघितलं. ठकूच्या कानाकडे बघितलं. आणि विचारलं, "माझ्या दाराला कान लावलायस? का बरं?"

"बस खाली," ठकू म्हणाली. "सांगते.

एक होतं घर. घराला होती पडवी. पडवीत होती खिडकी. खिडकीच्या फळीला होतं एक भोक..."