डोळे मिटलेला श्रोता

“...आणि उरलेला कानही गेला, तर मग मी कोण राहणार?”

आक्कांनी फक्त चहा घेणार का, एवढंच विचारलं होतं.

हे अच्युतबुवा सोमण. आमच्या भागातले नावाजलेले कीर्तनकार. एक कान गेलेला आणि दुसऱ्याचाही भरवसा नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येणार नसेल तर जगायचं कशाला, असं म्हणून त्यांनी कीर्तन सोडलं होतं. लेकीच्या हट्टापुढे काही चालेना, म्हणून चिपळूणला आमच्या कर्णबधिर मंडळात आले होते.

मंडळ बहिऱ्यांनीच काढलेलं, चालवतातही तेच. अध्यक्षा द्वारकाबाई, म्हणजे आमच्या आक्का, जन्मापासून बहिऱ्या. मला ऐकू येतं, पण आईवडील दोघंही बहिरे, त्यामुळे दुभाष्याचं काम माझ्याकडे.

बुवांचा प्रश्न मी हातांनी आक्कांना सांगितला.

आक्का हसल्या. “सभा सुरू होतेय. बसा.”

“मला उत्तर हवंय,” बुवा म्हणाले. “हजारो माणसं खिळवून ठेवलीत मी. मी असा कुठेही बसत नाही.”

“कुठेही नका बसू. गोलात बसा. सगळ्यांची तोंडं दिसली पाहिजेत.”

कुणीतरी दिव्याची दोनदा उघडझाप केली. आमच्याकडे घंटा वाजवून काय उपयोग? सगळ्या नजरा वळल्या आणि आक्कांचे हात बोलू लागले. एसटी स्टँडवर आयुष्यात पहिल्यांदा दुसरं बहिरं माणूस भेटलं, ती गोष्ट. तोवर त्यांना वाटायचं, जगात अशा आपण एकट्याच.

किती वेळा पाहिली असेल, तरी माझ्या अंगावर काटा येतो. कीर्तनात माणूस वाती वळत ऐकतो, शेजारणीशी कुजबुजत ऐकतो. इथे नजर हलली की वाक्य गेलं. सारी माणसं श्वास रोखून बघत होती...

मी हळू आवाजात बुवांच्या चांगल्या कानाशी सांगत होतो. बुवा भारावले. थोर काही ऐकलं की जन्मभर जे करत आले, तेच त्यांनी केलं. हात जोडले आणि डोळे मिटले.

आक्का मधेच थांबल्या.

सगळी सभा थांबली...

मी बुवांना हलवायला गेलो, तर आक्कांनी मलाच अडवलं. मंडळाचा रिवाज आहे, एकाचीही नजर नसेल तर पुढचं वाक्य बोलायचं नाही.

बऱ्याच वेळाने बुवांनी डोळे उघडले. सगळा गोल त्यांच्याकडे बघत होता. कुणी रागावलेलं नव्हतं.

“काय म्हणाल्या त्या?”

“काही नाही. तुमच्यासाठी थांबल्यात.”

बुवांनी गोलातल्या एकेका चेहऱ्याकडे पाहिलं.

“माझ्या कीर्तनात लोक झोपायचे,” शेवटी ते म्हणाले. “मी कधी... कुणासाठी थांबलो नाही.”

हे मी आक्कांना सांगू लागलो, तर बुवांनी माझा हात धरून खाली केला. त्यांना स्वतःच सांगायचं होतं. ओठ हलले, पण आवाज फुटेना. डोळे भरून आले. काहीच सुचेना तेव्हा त्यांनी पुन्हा हात जोडले, या खेपेला डोळे उघडे ठेवून.

आक्का उठून त्यांच्यापाशी आल्या. ते जोडलेले हात त्यांनी सावकाश सोडवले. मग एक पाऊल मागे सरल्या आणि थेट त्यांच्याकडे बघत हातांनी विचारलं,

“हे जोडून ठेवलेत, तर बोलणार कशानं?”