टिंबामागचं भाष्य

"मग तो फोल्डर गेला कुठं?" वामनबुवांनी संगणकाच्या पडद्याकडे बघत विचारलं.

"गेला नाही, बुवा. नावाच्या आधी एक टिंब दिलं, की तो दिसेनासा होतो. असतो तिथंच."

हे सांगताना निरंजनचा आवाज जरा चढाच लागला. मठातल्या चारशे पोथ्या त्याने एकट्याने संगणकावर आणल्या होत्या. बुवांना यातलं काही कळत नाही, हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

बुवांनी झोळीतून एक हार्डडिस्क काढून टेबलावर ठेवली.

निरंजनने ती लगेच ओळखली.

डिस्क उद्धवची होती. उद्धव त्याचा गुरुबंधू. मठाच्या मूळ पोथीवर भाष्य लिहिता लिहिता श्रावणात तापाने गेला. त्याच्या आईने, चंद्राबाईंनी, डिस्क मठात आणून दिली होती. पोराने काही लिहून ठेवलंय का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. निरंजनने पाहिलं आणि सांगितलं, रिकामी आहे.

आज त्याची आई ती डिस्क परत न्यायला आली होती. बाहेर ओसरीवर बसली होती.

"लाव," बुवा म्हणाले.

निरंजनने वायर जोडली. डिस्कवरचा दिवा लुकलुकला.

"काही दिसत नाही," बुवा म्हणाले.

"नुसती जोडून भागत नाही, बुवा. माउंट करावी लागते, तेव्हा आतलं दिसतं."

"मग कर."

त्याने केली. पडद्यावर पांढरी, कोरी चौकट उघडली.

"रिकामीच आहे," निरंजन म्हणाला. "मी तेव्हाच सांगितलं होतं."

बुवा चौकटीकडे बघत राहिले.

"ते टिंबाचं," ते हळू म्हणाले, "इथंही चालतं?"

निरंजनचा हात माऊसवरच थांबला. नाही म्हणता आलं असतं. बुवांना काय कळणार होतं?

त्याने दोन कळा दाबल्या. कोऱ्या चौकटीत एक फिकट फोल्डर उमटला.

"टिंब कुणी दिलं?"

"मी."

"मीही त्याच पोथीवर लिहितोय, बुवा. सहा वर्षं. याची एकतीस पानं वाचली आणि… माझं सगळं फुकट गेल्यासारखं वाटलं."

"मग पुसून का नाही टाकलंस?"

"पुसवेना." त्याची मान खाली गेली. "रोज वाचत होतो."

बुवा उठले. बाहेर जाऊन चंद्राबाईंना आत घेऊन आले आणि स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. आपण जमिनीवर बसले.

"यात माझ्या उद्धवचं काही आहे का?" तिने विचारलं.

बुवांनी निरंजनकडे पाहिलं.

"आहे, मावशी," निरंजन म्हणाला. "मी खोटं सांगितलं होतं. मीच लपवलं होतं."

तिने खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाली, "मला वाचता येत नाही. तू वाच."

त्याने वाचायला घेतलं. एका ओळीवर तो अडला, तेव्हा ती थांबून राहिली. घाई केली नाही. उन्हं ओसरीवरून उतरली, तेव्हा तो एकतिसाव्या पानावर आला आणि एका वाक्याच्या मध्येच थांबला.

"पुढं?" ती म्हणाली.

"पुढं नाही, मावशी. उद्धव इथंच थांबलाय."

तिने पदर डोळ्यांना लावला.

निरंजन उठून बुवांच्या पाया पडला. "उद्या मी मठ सोडतो, बुवा. इथं राहायची माझी लायकी नाही."

बुवांनी टेबलावरचा कीबोर्ड त्याच्या बाजूला सरकवला.

"उद्धवचं वाक्य अर्धं राहिलंय."