आवाज कमी पडतोय

"म्हणजे घेऊ की नको, एवढंच सांगा, आक्का."

निशिकांतनं खिशात मावेल अशी एक काळी डबी सतरंजीवर ठेवली. शेजारी फोन आणि कानाच्या आत बसणारे त्याचे इअरफोन.

आक्कांनी डबीला हात लावला नाही.

"हे काय?"

"ॲम्प्लिफायर. आवाजाला जोर देतो. दोन दिवस वापरून बघायला आणलाय. एवढ्याशा इअरफोनला फोनचाच जोर पुरतो, असं सगळे म्हणतात. मला पुरत नाही."

"सगळ्यांना पुरतो?"

"सगळ्यांचे कान तयार नसतात."



नदीकाठच्या मठाच्या मागल्या खोलीत त्या एकट्याच राहत. घशाचं दुखणं झालं आणि गाणं गेलं. बोलण्यापुरता घोगरा आवाज उरला. निशिकांत त्यांचा शिष्य. ऐन उमेदीत गाणं सोडून तो ध्वनिमुद्रणात शिरला आणि तिथे त्यानं नाव काढलं. निशिकांतनं कान दिला म्हणजे काळजी नाही, असं गवई बोलत. तो ते ऐकून घेई, नाकारत नसे.

"तुमची शेवटची बैठक आहे यात," तो म्हणाला. "सहा महिने बसून साफ केली. ॲम्पवर ऐका, बिनॲम्पची ऐका, आणि तुम्हीच ठरवा."

"आधी बिनॲम्पची."

त्यानं इअरफोन त्यांच्या कानात बसवले. आवाज स्वतःला लागतो तेवढाच ठेवला आणि गाणं सुरू केलं.

आक्कांचं अंग आखडलं. दोन्ही हातांनी इअरफोन ओढून काढून त्यांनी सतरंजीवर टाकले. डोळ्यांत पाणी आलं होतं.

गेलेला आवाज ऐकून त्यांना भरून आलं असेल, असं निशिकांतला वाटलं. तो फोन बंद करायला वाकला. आक्कांनी त्याचा हात धरला.

"राहू दे. अंतरा लागला का?"

तो हसला. "आक्का, ते जमिनीवर पडलेत. इथून कसं कळणार?"

आक्का मांडीवर ठेका धरून बसल्या होत्या. मधेच त्यांनी हात उचलला आणि सम दिली.

निशिकांतनं एक इअरफोन उचलून कानात घातला. अंतराच चालला होता. पुढचं आवर्तन आलं, सम आली, आणि आक्कांचा हात नेमका तिच्यावर पडला.

त्यानं इअरफोन काढला. खोली मुकी झाली. आक्कांचा हात चालूच होता.

पुन्हा घातला. हात जागेवर होता. जमिनीवरच्या दुसऱ्या इअरफोनमधलं गाणं त्यांना ऐकू येत होतं.

…

"कधीपासून?" आक्कांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

आक्कांनी आपल्या कानाला बोट लावलं.

"वर्ष झालं असेल," तो म्हणाला. "मला वाटलं, इअरफोनच कमी पडतायत. म्हणून ते बदलले. मग दुसरे घेतले."

"डॉक्टरकडे?"

"नाही गेलो."

असं म्हणताना त्याची नजर फोनवर गेली. हे गाणं त्यानं याच कानांनी साफ केलं होतं. वरचे बारीक स्वर आपल्याला ऐकू येईनात, म्हणून ते चढवत नेले होते… आणखी चढवत…

"आक्का, गाणं कसं झालंय?"

"खरं सांगू?"

"सांगा."

"पत्र्यावर खिळा ओढावा तसं."



"मूळचं असेल ना?" आक्का म्हणाल्या.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"पुसलं. लोकांचे खोकले होते त्यात, पंख्याची घरघर होती… साफ केलेलं चांगलं झालंय, आता मूळ कशाला ठेवायचं, असं वाटलं. मलाच वाटलं. कुणाला ऐकवलं नाही. विचारलं नाही."

आक्कांनी डोळे मिटले. आपलं गाणं त्यांनी जन्मात कुणाला टिपू दिलं नव्हतं. शिष्याच्या शब्दाखातर तेवढी एकदाच परवानगी दिली होती.

निशिकांतनं हात जोडले. आक्का रागावल्या असत्या, त्यांनी खोलीबाहेर घातलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं.

त्या उठल्या. भिंतीला टेकवलेला तानपुरा घेऊन पुन्हा येऊन बसल्या, आणि तारा छेडू लागल्या.

खर्ज त्याला ऐकू येत होता. त्यावर जे तेज उठतं, ज्याच्यासाठी पोरवयात तो भुकेला राहून या बाईंच्या दारात बसायचा, ते कुठेच नव्हतं. तो कान देऊन शोधत राहिला. नव्हतंच.

"षड्ज लाव," आक्का म्हणाल्या.

"आक्का, आता…" त्यानं मान हलवली. "सूर लागला की नाही, ते मलाच कळायचं नाही."

तारा वाजत राहिल्या.

"गा. मी आहे तोवर मी ऐकते."